मुक्या भोंग्याचं राज्य

"अम्मी, खजूर खाली ठेवा! अजून ऊन हाय! तोंडात नका टाकू, अम्मी!"

माझ्या दोस्ताची बायको अंगणातून ओरडत होती. ओरडणं असं, की गिरणीच्या छपरावरची कबुतरं उठली ती थेट बाळापुरात जाऊन बसली. दुपारचे चार वाजले होते, रमजानचा महिना होता, आणि खोलीत खाटेवर दोस्ताची आई उठून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, डोक्यावरची ओढणी घसरलेली, आणि दोन बोटांत धरलेला खजूर ओठांपासून केसभर लांब.

त्यात तिचा काही दोष नव्हता. कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा वाजला होता.

मी आणि दोस्त त्या वेळी बॉयलरच्या खोलीच्या छपरावर होतो. त्याच्या हातात पान्हा होता. माझ्या हातात काहीच नव्हतं, कारण मी लेखक आहे. खरं सांगायचं तर "वाजला" म्हणावं असं भोंग्यानं काही केलं नव्हतं. नुसती एक उचकी दिली होती. पण तेवढ्यानं चाळीतल्या दोन-चार घरांत दस्तरखान अंथरले गेले, कोपऱ्यावरच्या समोसेवाल्यानं कढईखालचा जाळ मोठा केला, आणि गिरणीतून निवृत्त झालेल्या एका म्हातारबुवांनी, ज्यांचा रोज्याशी किंवा एकादशीशी कधीच संबंध आला नव्हता, पाळी सुटल्यासारखी पायात चप्पल घातली.

"कोनं वाजवला बे?" खालून कुणीतरी विचारलं.

"ट्रायल हाय, ट्रायल!" दोस्त वरून ओरडला. "खाऊ नका कोनी! खरा टाइम व्हाचा हाय!"

आता हे सगळं कसं घडलं ते सांगतो. मी सांगतो त्यातलं निम्मंच खरं असतं, असं माझी बायको म्हणते. कोणतं निम्मं, हे मात्र तिला आजवर सांगता आलेलं नाही.

अकोल्यात ही गिरणी चालू होती तेव्हा घड्याळ ही नवरदेवानं मनगटावर मिरवायची वस्तू होती, वेळ बघायची नव्हे. वेळ भोंगा सांगायचा. सकाळचा भोंगा झाला की चुली पेटायच्या, दुसरा झाला की डबे निघायचे. आमच्या गल्लीत एक म्हैस होती, ती भोंगा झाल्याशिवाय पान्हा सोडत नसे. माझी मावशी अमरावतीला राहायची. ती शपथेवर सांगायची, की वारा तुमच्याकडून असला की अकोल्याचा भोंगा मला ऐकू येतो आणि मी दूध तापायला ठेवते. मध्ये अख्खं मूर्तिजापूर आडवं पडलेलं असताना! पण मावशीला खोटं ठरवायची आमच्या घरात रीत नव्हती.

रमजानमध्ये एक जादा भोंगा व्हायचा. पाळी बदलायची नसली तरी सूर्य बुडाला की वाजायचा, रोजा सोडायचा भोंगा. हुकूम कुणी काढला, मालकानं की मॅनेजरनं, कुणास ठाऊक. रिवाज होता. अख्खं शहर हातात खजूर धरून त्या आवाजाची वाट बघायचं. आणि वाजवणारा माणूस, म्हणजे माझ्या दोस्ताचा बाप, आमचा चाचा, स्वतः रोज्यानं असायचा. बॉयलरच्या धगीत, फाल्गुन असो की वैशाख. त्याचा खजूर शर्टाच्या खिशात. आधी शहराचा रोजा सुटायचा, मग त्याचा. भोंगा चालू आहे तोवर त्याचे दोन्ही हात साखळीला. थांबला की एक हात खिशात. त्या खजुराला तेलाचा वास यायचा म्हणे, आणि त्या वासाशिवाय खजूर त्याला फिका लागायचा.

मग गिरणी बंद पडली. एका दिवसात नाही पडली. आधी रात्रपाळी गेली, मग एक खातं, मग दुसरं. भोंगा सगळ्यात शेवटी गेला. आत यंत्रं थांबलेली, फाटकाला कुलूप, आणि तरी काही दिवस भोंगा वाजत राहिला. घरातली माणसं बाहेरगावी गेल्यावर रेडिओ चालू राहावा तसा. मग एका संध्याकाळी नाही वाजला. लोक खजूर हातात धरून बसले, एकमेकांकडे बघत राहिले, आणि शेवटी मशिदीतून कुणीतरी पोरगं पळत आलं की, अहो, सोडा रोजा, अजान कधीच झाली.

मला कादंबरी सुचली ती त्या संध्याकाळीच, पण लिहायला बसलो पन्नाशी उलटल्यावर.

माझी कादंबरी फार पुढच्या काळातली आहे. वऱ्हाडच आहे, पण त्याला वऱ्हाड म्हणत नाहीत, कारण नाव विसरलेत. लोक लोखंडाच्या सांगाड्यांत राहतात आणि ते लोखंड कुणी घडवलं हे त्यांना माहीत नाही. दृष्ट लागू नये म्हणून पोरांच्या गळ्यात बेअरिंग बांधतात. जमिनीवरून दोन काळ्या रेघा जवळजवळ जातात, नॅरोगेज रुळांच्या, आणि त्या कुठं जातात हे कुणालाच ठाऊक नसल्यानं मेलेल्या माणसाला त्यांच्या मध्ये ठेवतात. नेतील त्या आपोआप. शनिवारी पुजारी मोठ्या यंत्राला तेल घालतात. भोक कोणतं हे विसरल्यामुळे सगळ्याच भोकांत घालतात.

आणि शहराच्या मधोमध एक पितळेचा गळा आहे. तो कधीकाळी बोलायचा, असं म्हणतात. रोज संध्याकाळी सगळं शहर घास उचलतं आणि थांबतं. गळा बोलेल म्हणून. तो बोलत नाही. मग सुस्कारा टाकून जेवतात. त्या राज्याची उतरण मी कशी दाखवली सांगू? लढाया नाहीत, दुष्काळ नाही. फक्त ते थांबणं दर पिढीला थोडं कमी होत जातं. आजा दहा श्वास थांबायचा, बाप पाच, नातू घास उचलताना नुसता डोळे वर करतो. ज्या दिवशी कुणीच थांबणार नाही, त्या दिवशी राज्य संपलं.

यातली दोन प्रकरणं मी अमरावतीला एका वाचनाच्या बैठकीत वाचली. पुण्यात नोकरी करून परतलेले एक गृहस्थ म्हणाले, "कल्पनाशक्ती अफाट आहे हो. पण इतकं परकं जग आपल्या वाचकाला पेलेल का?" मागच्या रांगेत वरूडचा एक संत्र्याचा व्यापारी बसला होता, भाच्याला घ्यायला आलेला. तो म्हणाला, "परकं काहून? आमच्याकडच्या सूतगिरणीत सेम असंच हाय. फक्त तेल कोनी घालत नाही."

पण माझी खरी वाचक एकच. दोस्ताची आई. सगळी चाळ तिला खाला म्हणते, मीही म्हणतो. चाचा गेल्यापासून मी दुपारचा चहा तिच्या अंगणात घेतो, गिरणीच्या भिंतीला टेकून, आणि जे लिहिलं ते तिला सांगतो. तिला वाचता येत नाही, पण ऐकताना ती असे टाके उसवते की भले भले समीक्षक शिंपीकाम सोडून देतील.

"तुह्या राज्यात बाया दिसत नाही," ती म्हणाली. "पानी कोन भरते?"

मी विहीर घातली.

"राजा हाय म्हनतं, त्याले आई नाही का?"

मी आई घातली. आई आल्यावर राजाला बोलायला जागाच उरली नाही. आता तो दोन पानांत संपतो.

अडलं ते शेवटाला. शेवटी पितळेचा गळा बोलायला हवा, हे आम्हा दोघांचं ठरलं होतं. ज्या दिवशी एकच म्हातारी घास धरून थांबलेली उरते, त्या दिवशी तो बोलतो. पण कसा? मी लिहिलं, वाघाच्या डरकाळीसारखा.

"वाघ कधी पाह्यला तू?"

"मेळघाटात, खाला. एवढा समोर. मले पाहून तोच पळाला."

"झूट. आन् वाघासारखा नव्हताच तो."

मी लिहिलं, हजार शंखांसारखा. ती म्हणाली, नाही. फाटणाऱ्या ढगासारखा. नाही. मी चिडून म्हणालो, "मंग कसा होता, तुमीच सांगा." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "मले बोलता येत नाही बेटा. ऐकला की सांगीन, हा तोच."

माझी तर त्याहून वाईट गत. मला म्हशीचा पान्हा आठवतो, मावशीचं दूध आठवतं, चाचाच्या शर्टाचा डाग आठवतो. आवाज तेवढा आठवत नाही. डोळे मिटून, कान दाबून, भिंतीला कान लावून बघितलं. भिंतीच्या आत मुंग्या असाव्यात. वर्षानुवर्षं रोज ऐकलेली गोष्ट माणसाच्या कानातून अशी निघून जाते, आणि जाताना दारसुद्धा वाजवत नाही.

तेवढ्यात चाळीला नोटीस लागली. गिरणीची जागा विकली गेली होती, यंत्रं भंगारात जाणार होती, चाळ मोकळी करायची होती. दोस्ताचा मोटार बांधायचा, म्हणजे विजेच्या जळक्या मोटारीत नवी तार भरायचा, धंदा तसाही बसलेला. लोक जळालेली मोटार बांधून घेत नाहीत आता, नवीन आणतात. त्याच्या मुलानं नाशकात घर घेतलेलं, तो कधीचा बोलावत होता. सगळे तयार. खाला नाही. तिला सून विनवून थकली, नातू फोनवर रडला. शेवटी तिनं एक दिवस सांगून टाकलं, "भोंगा ऐकल्याबिगर मी हे घर सोडत नाही."

चाळीतल्या शहाण्या माणसांना याचा अर्थ बरोबर कळला. म्हणजे, जाणार नाही. सूर्य पश्चिमेला उगवला तर येते, असं म्हणतात ना, तसं. कळला नाही तो फक्त माझ्या दोस्ताला. तो मेकॅनिक आहे. त्याच्यापुढं अट ठेवली की त्याला त्यात फक्त बिघाड दिसतो.

"भोंगा सही-सलामत हाय," तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला. "पितळ हाय, त्याले काय होते? वाफ नाही, एवढंच. वाफ नसली तर हवा देऊ."

आता माझी अवस्था बघा. भोंगा वाजला तर माझ्या राज्याला शेवट मिळणार होता, आणि मीही मरायच्या आधी तो आवाज पुन्हा ऐकणार होतो. पण भोंगा वाजला तर खाला जाणार होती. दोस्त जाणार होता. दुपारचा चहा, ते अंगण, ती उसवाउसवी, सगळं नाशकाला. आणि नाही वाजला, तर राज्य मुकं राहणार, पण खाला इथंच, माझ्यासमोर, "वाघ कधी पाह्यला तू?" विचारत. मी रात्रंदिवस मनात दोन्ही बाजूंनी वकिली केली आणि दोन्ही खटले हरलो.

हवा वरूडहून आली. वरूड तालुक्यात संत्र्यांसाठी लोकांनी इतके बोअर मारलेत, की जमिनीची चाळणी झालीय. एका शेतात चहा सांडला तर शेजारच्याच्या बोअरमधून निघतो. त्या भागात बोअर मारणारी एक गाडी काम आटोपून अकोल्याकडं येत होती आणि तिची एक मोटार आमच्या दोस्तानं पूर्वी वेळेला बांधून दिली होती. त्या गाडीवर असतो तो कंप्रेसर म्हणजे राक्षस. पाताळातले दगड फुंकरीनं वर फेकतो. गाडीवाल्या तमिळ मंडळींना काय करायचंय ते दोस्तानं खुणांनी समजावलं: बोट तोंडाकडे, बोट आकाशाकडे, गाल फुगवले. त्यांना वाटलं, देवाचं काही आहे. त्यांनी चपला काढल्या.

फाटकावरचा चौकीदार चाचाच्या हाताखालचा. त्यानं कुलूप उघडलं आणि तोंड दुसरीकडं केलं. आम्ही जाडजूड नळी आत ओढत नेली. आत माझं राज्य जसंच्या तसं उभं होतं. चाकांतून पिंपळ वर आलेला, पट्ट्यांच्या जागी वेली. मी लिहिलेलं सगळं तिथं होतं आणि मी न लिहिलेलंही बरंच होतं, उदाहरणार्थ भिंतीवर खिळ्याला अडकवलेली कुणाची तरी टोपी. न्यायचीच राहून गेलेली.

पहिल्या प्रयत्नात उचकी निघाली, ती तुम्हाला सांगितली. नळ अर्धाअधिक बुजलेला होता. मी छपरावरून उतरून अंगणात गेलो तर खाला खजूर डब्यात परत ठेवत होती.

"हा भोंगा नव्हे," ती मला बघताच म्हणाली. "डकार हाय. हे मी धरत नाही."

"मंग तुमचा हात खजुराकडं कसा गेला?"

"हाताले काय अक्कल असते का?" ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. पण डोळे उघडे होते.

मी परत वर गेलो. दोस्त नळाचे सांधे खोलत होता. आतून घरट्यांच्या काड्या निघाल्या, गांधीलमाशांचं वाळलेलं पोळं निघालं, एक क्रिकेटचा चेंडू निघाला जो मीच कधीतरी मारलेला षटकार होता, असं माझं मत आहे. दोस्ताचं मत वेगळं आहे. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि रोज्यामुळं तो थुंकीही गिळत नव्हता. काम करता करता, माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "यार, खरं सांग. वाजावा वाटते तुले का नाही?"

"वाजावा वाटते," मी म्हणालो. "तू जावं नाही वाटत."

त्यानं पान्ह्यानं नळावर दोनदा ठोकलं. आतून मोकळा आवाज आला.

"अम्मीची तबियत तुले दिसते ना? इथं माह्या मागं कोनी नाही तिले पाहाले. माहे डोळेही आता साथ देत नाही." मग म्हणाला, "धर हा पाइप. वाकडा नको धरू."

मी पाइप धरला. सरळ धरला. माझ्या गोष्टींतलं निम्मं कोणतं खरं हे बायकोला कळत नाही म्हणालो ना, हे त्या खऱ्या निम्म्यातलं आहे.

सूर्य कलला तशी खालानं सुनेला सांगून मला बोलावून घेतलं. "तू वर नको जाऊ. इथं बस." मी तिच्या खाटेजवळ जमिनीवर बसलो. समोर ताटात कापलेली केळी, भजी, सरबत. मशिदीत दोस्त आधीच सांगून आला होता की आज आमचाही आवाज होईल, चालवून घ्या. चाळीतले लोक अंगणात, ओट्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसलेले. ज्यांचा रोजा होता ते, ज्यांचा नव्हता ते. म्हातारबुवा चप्पल घालून तयारच. कंप्रेसर भिंतीपलीकडं घुरघुरत होता.

आणि भोंगा वाजला.

इथं मी काहीतरी मोठं सांगावं अशी तुमची अपेक्षा असणार. माझीही होती. पण मला तो कशासारखाच वाटला नाही. खालून निघाला, जाड, थोडा खरखरीत, मग वर चढला आणि तिथंच राहिला. पत्रे थरथरले. ताटातलं सरबत हललं. मला वाटलं, अरे, हाच की, हा कुठं गेला होता इतके दिवस, आणि लगेच वाटलं की तो कुठंच गेला नव्हता, मीच पलीकडं निघून आलो होतो. ओट्यावर एक बाई, जिचा नवरा कताई खात्यात होता, तोंडावर पदर घेऊन उभी राहिली. तरुण पोरं मोबाईल वर धरून होती. त्यांना तो नवाच होता. म्हातारे मात्र मान खाली घालून ऐकत होते, रागावलेल्या बापापुढं उभं राहावं तसे.

अजान झाली असेल. आम्हाला ऐकू आली नाही. लोकांनी खजूर तोंडात टाकले. खालानं नाही टाकला. तिनं तो धरून ठेवला, भोंगा चालू असेपर्यंत. वर तिचा मुलगा साखळी ओढून उभा होता. कंप्रेसरची हवा सरत आली, आवाज खाली उतरला, उतरता उतरता कापला आणि थांबला. तो थांबला तेव्हा खालानं खजूर तोंडात टाकला. चाचाचा हात खिशात जायचा, त्या घडीला.

मी तिच्याकडं बघत होतो. तिनं सावकाश चावलं. घोटभर पाणी प्यायली. बी तळहातावर काढली. माझ्या सगळ्या राज्याचा निकाल तिच्या तोंडात होता आणि तिला काही घाई नव्हती. मला एकदा वाटलं, म्हणावं तिनं की हा नव्हे. वाघ, शंख, ढग यांच्यासारखाच हाही नापास करावा. मग दुसरा कंप्रेसर शोधू, दुसरी गाडी, उद्या, पुढच्या रमजानला.

"खाला," मी विचारलं, "हाच ना?"

"हौ, हाच," ती म्हणाली. "टेम्पोवाल्याले फोन लाव."